ताशी पंचवीस

आमचे घरमालक घरातल्या घरातसुद्धा मागे सरकायचं असलं की तीन वेळा खाकरायचे. पुढे जायचं असलं की दोन वेळा, आणि नुसतं खुर्चीतून उठायचं असलं की एकदा. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, माणसाला दमा असावा. मी कृषी सहायक. कपाशीवरची बोंडअळी मला लांबून ओळखता येते, माणसांचे आजार कळत नाहीत. तरी शेजारधर्म म्हणून मी त्यांच्या बायकोला अडुळशाचा काढा सुचवला. त्या भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दमा नाई पोरी, डंपर हाय."

नोकरीची पहिली तीन वर्षं मी गडचांदूरला त्यांच्या वरच्या खोलीत काढली. सगळं गाव त्यांना भाऊ म्हणायचं आणि त्यांच्या बायकोला बाई, म्हणून मीही तेच म्हणू लागले. भाऊंनी एकतीस वर्षं सिमेंट कारखान्याच्या चुनखडीच्या खदानीत डंपर चालवला होता. ज्याचं एकेक चाक माणसाच्या डोक्याहून उंच असतं आणि ज्याच्या कॅबिनमध्ये शिडीने चढावं लागतं, तो डंपर. खदानीत नियम असा, की इंजिन सुरू करण्याआधी एक हॉर्न, पुढे निघण्याआधी दोन, मागे घेण्याआधी तीन. आणि वेगाचा काटा पंचवीसच्या वर न्यायचा नाही, मग मागे वाघ लागलेला असो. निवृत्तीच्या दिवशी कंपनीने डंपर ठेवून घेतला आणि नियम तेवढे भाऊंबरोबर घरी पाठवून दिले.

सकाळी मी कामावर निघायच्या आधी भाऊ माझ्या स्कूटीभोवती एक प्रदक्षिणा घालायचे. टायरला लाथ मारायची, आरसा पुसायचा, वाकून खाली बघायचं. एकदा मला कोरपन्याच्या मीटिंगला आधीच उशीर झालेला, आणि हे जमिनीवर ओणवे.

"मॅडम, खाली तेल सांडून राह्यलं. गाडी नेता येत नाई."

"भाऊ, ते मांजर करून गेलं."

भाऊंनी बोट लावून वास घेतला, माझं म्हणणं खरं असल्याचं मान्य केलं, आणि मला जायची परवानगी दिली. मी त्यांना एका शब्दाने बोलले नाही. घरभाडं कमी होतं आणि बाईंच्या हातचं वांग्याचं भरीत रोज वर यायचं, त्यामुळे माझा स्वाभिमान त्या काळात जरा नरमच होता.

निवृत्तीनंतर भाऊंचे फार हाल झाले असं बाई सांगायच्या. उंचावर बसायची सवय झालेला माणूस. मेहुण्याने हौसेने आपल्या लहानशा कारमध्ये बसवून फिरवायला नेलं, तर चौकातच उतरून पायी परत आले. "रस्ता नाकाले लागून राह्यला," म्हणाले. त्यानंतर ते संध्याकाळी गच्चीवर खुर्ची टाकून बसायचे आणि खालचा रस्ता बघायचे. एखादा ट्रक मागे येऊ लागला की वरून ओरडायचे, "तीन मार, तीन!" ट्रकवाल्याला काही कळायचं नाही. हा म्हातारा तीन विड्या मागतोय की काय म्हणून तो बिचारा वर बघायचा.

अशाच एका संध्याकाळी त्यांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला.

"मॅडम, हे पाहा. तुम्ही शिकलेल्या हाव. इंग्रजीत काय लिहून हाय सांगा."

नागपूरच्या कुठल्याशा बिल्डरच्या मुलाची जुनी पिकअप विकायला होती. पिकअप म्हणजे आपल्याकडे टमाटे वाहून नेतात ती नव्हे. परदेशी बनावटीची, पुढे पाच माणसं बसतील अशी केबिन, मागे उघडा हौदा, चारही चाकांना जोर, आणि बोनेटखाली एवढं इंजिन की वाचताना मलाच धाप लागली. एवढं कमी पडलं म्हणून की काय, त्या मुलाने इंजिन आणखी तापट करून घेतलं होतं, चाकं मोठी बसवली होती आणि गाडी वीतभर उचलून घेतली होती. 'शंभरचा वेग काही सेकंदांत' असं इंग्रजीत लिहिलं होतं. मी ते प्रामाणिकपणे मराठीत सांगितलं. भाऊंनी ऐकलंच नाही. ते फोटोतल्या पायरीकडे बघत होते. "चढाले पायरी हाय," म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

बाईंना विचारायचं राहिलं. म्हणजे भाऊ म्हणायचे राहिलं. बाई म्हणायच्या मुद्दाम राहू दिलं. कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "दूध आणाले हत्ती कायले पायजे?" प्रश्न बरोबर होता. भाऊंना ही गाडी रोजच्या कामासाठीच हवी होती. दूध, भाजी, पिठाची गिरणी, सोमवारी देवळात जाणं.

नागपूरला गाडी बघायला मला बरोबर नेलं, कागद वाचायला. बिल्डरचा मुलगा चांगल्या घरचा होता, काळा चष्मा, बोटात किल्ली फिरवत उभा. भाऊंनी त्याला नमस्कार केला आणि पिशवीतून हातोडी काढली. मुलगा दोन पावलं मागे सरला. भाऊंनी हातोडीने एकेक चाकाचे नट ठोकून आवाज ऐकला, तेलाची कांडी काढून जिभेच्या टोकाला लावली, मग गाडीखाली असे काही घुसले की अर्धा तास बाहेर नुसत्या चपला दिसत होत्या.

"अंकल, एकदा चालवून तर बघा," मुलगा शेवटी वैतागून म्हणाला. "काय पळते बघा!"

भाऊ गाडीखालून बाहेर आले. "पळते?" त्यांनी काळजीने विचारलं. "मंग ते दुरुस्त होईन का?"

तरी गाडी घेतलीच. निघण्याआधी भाऊंनी माझ्या तोंडासमोर जोरात फुंकर मारली आणि विचारलं, "वास पाहा मॅडम. काय येते?"

"कांदाभजी," मी म्हटलं.

"दारू नाई ना? झालं मंग." खदानीच्या फाटकावर रोज प्रत्येकाला यंत्रात फुंकावं लागायचं, त्याशिवाय आत सोडत नसत. भाऊंनी एकतीस वर्षांत दारूला हात लावला नव्हता, पण फुंकल्याशिवाय स्टिअरिंगलाही हात लावला नव्हता.

नागपूर ते गडचांदूर हा प्रवास मी आयुष्यात कधी विसरणार नाही. आम्ही सकाळी निघालो. शहराबाहेर मोठा चौपदरी रस्ता लागला, भाऊंनी दोन हॉर्न दिले, काटा पंचवीसवर नेला आणि तिथे खिळा ठोकल्यासारखा ठेवला. ज्या इंजिनाला शंभरचा वेग काही सेकंदांत गाठायचा होता ते पायाखाली नुसतं गुरगुरत होतं. आम्हाला ट्रक मागे टाकून गेले, ट्रॅक्टर गेले, कापसाने खच्चून भरलेला एक टेम्पो गेला. वरोऱ्याच्या अलीकडे एक सायकलवाला आमच्या बरोबरीने आला, खिडकीतून आत बघितलं, "काई बिघडलं का?" असं आपुलकीने विचारलं आणि पुढे निघून गेला. दर तासाला भाऊ गाडी थांबवायचे, गाडी घसरू नये म्हणून चाकांना लाकडी गुटके लावायचे आणि टायरवर तळहात ठेवून ताप बघायचे.

"भाऊ, एवढी दणकट गाडी घेतली ती कशाला मग?" मी शेवटी कळवळून विचारलं.

"ताकद पायजे मॅडम. वापराची नाई." हे त्यांचं आवडतं वाक्य. थोडं पुढे गेल्यावर ते रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "एकतीस वर्षं चालवली, पण घरच्या माणसाले एकदा बी बसवता आलं नाई. बाहेरचं माणूस कॅबिनमधी घ्याले मनाई. वरून रस्ता कसा दिसते, ते तिले एकदा दाखवाचं हाय." मला त्या माणसाचा त्या दिवशी लळा लागला. कंबर मात्र तीन दिवस धरली होती.

दुसऱ्या दिवशी बाई बसायला तयार झाल्या, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. नंतर त्या नाकबूल झाल्या तरी मी ऐकणार नाही. हिरवं नवं लुगडं, अंबाड्यावर अबोलीचा गजरा, शेजारच्या चार बायका ओट्यावर बघायला आलेल्या. दूध आणायला हत्ती नको असला तरी हत्तीवर एकदा बसायला कोण नाही म्हणतं? आणि भाऊंनी अंगणात एक प्लास्टिकची खुर्ची मांडलेली. शेजारी एक वही, एक पिवळं हेल्मेट आणि चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट.

"आधी इथी सही कर," भाऊ म्हणाले. "नवीन माणसाले माहिती द्यावी लागते. मंग हेल्मेट, मंग जॅकेट."

बाईंनी गजऱ्याला हात लावला. मी डोळ्यांनी भाऊंना खुणा केल्या, पण खदानीत डोळ्यांच्या खुणांचा नियम नसावा. बाई तरीही पुढे आल्या, हे मी त्यांच्या बाजूने सांगते. त्या पायरीपर्यंत पोचल्या, आणि भाऊंनी त्यांच्यासमोर आपला तळहात धरला.

"फुंक."

"काय?"

"फुंक जरा. वास पाहाचा हाय. फुंकल्याबिगर कोणाले बी आत घेता येत नाई. मॅनेजरसाहेब बी फुंकत."

ओट्यावरच्या चार बायकांपैकी एकीला हसू आवरलं नाही, आणि तिथे सगळं संपलं.

"लग्नाले पस्तीस वर्षं झाले," बाई सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "आन हा माणूस मले दारू पिली का इचारून राह्यला! ऐका हो सगळे जण. मी या गाडीत पाय ठेवणार नाई. मार्कंड्याची शपथ!"

शपथ मार्कंड्याची म्हटल्यावर कोण काय बोलणार? बाई दरवर्षी शिवरात्रीला मार्कंड्याच्या यात्रेला जायच्या आणि त्या देवाच्या बाबतीत थट्टा चालत नसे. भाऊ कितीतरी वेळ तळहात तसाच पुढे धरून उभे होते.

पुढचे काही महिने गावाची चांगली करमणूक झाली. भाऊंनी गाडीवर एक लांब काठी बसवून तिच्या टोकाला झेंडा लावला. खदानीत लहान गाड्यांना असा झेंडा लागतो, नाहीतर वर बसलेल्या डंपरवाल्याला त्या दिसतच नाहीत. झेंडा लाल होता की भगवा ते उन्हाने विटल्यामुळे सांगता येत नसे, त्यामुळे नगरपरिषदेच्या निवडणुकीत दोन्हीकडचे उमेदवार भाऊंना आपला माणूस समजून पेढे देऊन गेले. भाऊंनी दोन्ही पेढे खाल्ले आणि दोघांनाही हेल्मेट वापरा असं सांगितलं.

शिवाय वाट देण्याचा नियम. खदानीत भरलेल्या गाडीला रिकाम्या गाडीने वाट द्यायची असते. भाऊ हा नियम गावात पाळायचे. डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेली एखादी बाई दिसली की पिकअप बाजूला घेऊन थांबायची. कापसाची बैलबंडी असो, पाण्याची घागर असो, पाठीवर पोतं घेतलेला हमाल असो, भाऊ हात करून म्हणायचे, "जा, तुम्ही लोडेड हाव." एकदा दवाखान्यासमोर आठव्या महिन्यातल्या एका पोरीलाही त्यांनी हेच सांगितलं. तिची सासू भांडायला धावली, पण एवढी मोठी गाडी थांबवून आपल्या सुनेला वाट दिली हे लक्षात आल्यावर उलट सगळीकडे कौतुक करत सुटली.

सगळ्यात बघण्यासारखा असायचा तो मात्र बाजाराचा दिवस. बाई पिशवी घेऊन पायी निघायच्या. त्यांचे गुडघे दुखायचे, पण शपथ ती शपथ. त्यांच्या मागे दहा पावलं सोडून भाऊंची पिकअप, दोन्ही बाजूचे पिवळे दिवे लुकलुकत, चालत्या माणसाच्या वेगाने. बाई वांगी घ्यायला थांबल्या की गाडी थांबायची. बाई निघाल्या की दोन हॉर्न, आणि गाडी निघायची. भरलेली पिशवी बाई वळून मागच्या हौद्यात ठेवायच्या आणि पुढे चालू लागायच्या.

"बाई, आता बसा ना," मी एकदा म्हटलं. "भाजी तर बसलीच की."

"भाजीनं शपथ घेतली नाई," बाई म्हणाल्या.

दोघांचं बोलणं चालू होतं, पण माझ्यामार्फत. मी मधल्या जिन्यात उभी राहून इकडचं तिकडे पोचवायची. एकदा भाऊंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, तिले सांगा, जॅकेट नाई घातलं तरी चालन."

"आणि फुंकायचं?"

भाऊंनी खूप विचार केला. घाम आला त्यांना. "ते कसं सोडता येईन?" ते म्हणाले. मी निरोप पोचवलाच नाही.

एवढ्यात गाडी आजारी पडली. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि मागून काळा धूर येऊ लागला. भाऊ तिला बसस्टँडमागच्या मिस्त्रींकडे घेऊन गेले. हे मिस्त्री आणि भाऊ जुने दोस्त, ईदचा शीरखुर्मा आणि दिवाळीच्या करंज्या यांची देवाणघेवाण जुनी. मिस्त्रींनी गाडी तपासली आणि भाऊंना स्टुलावर बसवलं.

"भाऊ, इंजिनमधी काजळी भरून राह्यली. ही पळाची गाडी हाय, तुम्ही तिले चालवून चालवून मारून राह्यले. महिन्यातून एक बार तरी भगाव यार इसको!"

"पंचवीसच्या वर?"

"अस्सीच्या वर!"

भाऊ स्टुलावरून उठले, खाकरायचंही विसरले. पंचवीसच्या वर देवसुद्धा लक्ष देत नाही, असं ते नेहमी म्हणत. शेवटी तोड निघाली ती अशी: महिन्यातल्या एका शुक्रवारी, दुपारच्या नमाजानंतर, मिस्त्री गाडी घेऊन मोकळ्या रस्त्यावर जातील आणि काय करायचं ते करतील. भाऊ तोवर गॅरेजमध्ये भिंतीकडे तोंड करून बसतील आणि काही विचारणार नाहीत. मी एकदा पंक्चर काढायला गेले तेव्हा भाऊ तसे बसलेले मी पाहिले. लांबून इंजिनाचा आवाज आला तसे त्यांनी दोन्ही कान झाकले. गाडी परत आली तेव्हा तिचा रंगसुद्धा उजळल्यासारखा दिसत होता. भाऊंनी तिच्याकडे फार संशयाने बघितलं.

शिवरात्र आली. बाई एसटीने मार्कंड्याला निघणार होत्या आणि मला सुट्टी होती, म्हणून मीही बरोबर निघाले. आदल्या दिवशी भाऊंनी मला जिन्यात गाठलं.

"मॅडम, तिले सांगा, गाडी पुसून ठेवली हाय."

मी सांगितलं. बाईंनी निरोप पाठवला, "म्हणाव, पुसलेली चांगली दिसते." बस्स, तेवढंच. भाऊ ऐकून घेऊन खाली गेले. त्यांची पाठ मला त्या दिवशी एकदम म्हातारी वाटली आणि बाईंचा राग आला. काय माणसाचा हट्ट एवढा, एका फुंकरीसाठी!

सकाळी उठलो तर अंगणात नुसते लाकडी गुटके पडलेले. भाऊ आणि गाडी दोन्ही नाहीत. "गेले असन मिस्त्रीकडं," बाई म्हणाल्या. चपला घालताना त्यांनी गुटके उचलून नीट भिंतीशी लावून ठेवले.

आम्ही चंद्रपूरला बस बदलली. यात्रेची जादा गाडी, बायामाणसांनी भरलेली. मला उभं राहावं लागलं, बाईंना डाव्या खिडकीची जागा मिळाली. मूल गाव मागे पडलं आणि बसचा वेग एकदम कमी झाला. पुढे गाड्यांची रांगच लागली होती. जीपवाले, ट्रॅक्टरवाले, सगळे हॉर्न मारत होते.

"वरात हाय का कोणाची?" मागून कुणीतरी विचारलं.

"वरात नाई, झेंडा दिसून राह्यला. मोर्चा असन."

मी बाईंकडे बघितलं. बाईंनी पदर कपाळावर ओढला. आमच्याच देवाला निघालेले भाऊ, पहाटेच उठून, एसटीच्या आधी पोचायचं म्हणून. आणि पंचवीसच्या वेगाने पुढे कुठवर जाणार होते? एकेक गाडी त्यांना ओलांडून जात होती. आमची बसही उजवीकडून बाजूला आली. सगळी बस डावीकडे झुकून हसू लागली. "काय ध्यान हाय पाय! रणगाडा घेतला आन बैलासारखा हाकून राह्यला!"

खिडकीखाली ती गाडी होती. भाऊंनी वर बघितलं. जन्मभर वरून रस्ता बघणारा तो माणूस खालून वर बघत होता, आणि बाई खिडकीत होत्या. दोघांची नजरानजर झाली असणार, कारण बाईंनी खिडकीचा गज एकदम घट्ट धरला. मग बसने वेग घेतला आणि पिकअप मागे राहिली.

हसणाऱ्या माणसाकडे वळून बाई म्हणाल्या, "तुमच्या घरी हाय का अशी गाडी? मंग गप बसा." थोड्या वेळाने मला म्हणाल्या, "पाय बरं पोरी. दिसून राह्यले का मागं?"

मी वाकून बघितलं. "नाही दिसत, बाई."

बाई स्वतःच गजाला गाल लावून मागे बघू लागल्या. एक वळण गेलं, दुसरं गेलं. आणि मग मागून असा काही आवाज आला की कंडक्टरच्या हातातलं तिकिटाचं मशीन खाली पडलं. मागच्या काचेत काळा धूर आणि त्या धुरातून येणारी ती गाडी, झेंडा वाऱ्याने पार आडवा झालेला, काठी वाकलेली. मिस्त्रींच्या शुक्रवारी काय होत असेल ते मला त्या दिवशी कळलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत पिकअप बसच्या बरोबरीला आली. आतमध्ये भाऊ, स्टिअरिंगला चिकटलेले, तोंड पांढरंफटक.

बसमधली मंडळी टाळ्या वाजवू लागली. बाई मात्र उभ्या राहिल्या आणि त्यांनी घंटीची दोरी अशी ओढली की ती हातातच आली.

"थांबवा! थांबवा बस!"

"बाई, इथी थांबा नाई," कंडक्टर म्हणाला.

"थांबा नसन, माहा नवरा हाय!"

बस थांबली. पुढे जाऊन पिकअपही थांबली. बाई दुखऱ्या गुडघ्यांनी उतरल्या आणि तरातरा चालत गेल्या. मी पिशव्या घेऊन मागे धावले. भाऊ गाडीबाहेर उभे होते. हॉर्न नाही, काही नाही.

"किती होता काटा?" बाईंनी विचारलं. कितीतरी महिन्यांनी त्या थेट त्यांच्याशी बोलल्या.

भाऊ झेंड्याची वाकलेली काठी सरळ करू लागले.

"इचारून राह्यली मी. किती होता?"

"नव्वद," भाऊ म्हणाले. चोरी कबूल करणाऱ्या माणसाचा आवाज असावा तसा आवाज.

"काऊन?"

"तू खिडकीत दिसली. मंग पुढं निघून चालली. मले काई सुचलं नाई."

बस अजून उभीच होती. सगळ्या खिडक्यांतून डोकी बाहेर, पण कुणी हसलं नाही. बाईंनी एकदा भाऊंकडे बघितलं, एकदा गाडीकडे. मग पदर खोचला, पायरीवर पाय ठेवला, आणि मी आधार द्यायच्या आत वर चढून बसल्यासुद्धा.

"बाई, शपथ?" मी हळूच म्हटलं.

"देवाले मी सांगन काय सांगाचं ते. या माणसाजवळ काट्यावर नजर ठेवाले कोणी पायजे. एकटा सोडला तं मरन हा."

हेल्मेटचं नाव दोघांनीही काढलं नाही. भाऊंनी दोन हॉर्न दिले आणि काटा पंचवीसवर आणून ठेवला. मी मागच्या सीटवर पिशव्यांमध्ये बसले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस फुलला होता आणि धानाची कापलेली शेतं लांबपर्यंत दिसत होती. बाई इकडे बघत होत्या, तिकडे बघत होत्या.

"इतकं दिसते व्हय वरून?" त्या म्हणाल्या.

"डंपरमधून याच्याहून जास्त," भाऊ म्हणाले. त्यांच्या आवाजात केवढं सुख होतं ते मी सांगू शकत नाही.

मग बाई समोर रस्त्याकडे बघतच बोलू लागल्या.

"तुम्ही नेहमी म्हणता, पाळीवरून घरी आलो तं भात तयार नसते. एकतीस वर्षं म्हणत आले."

"खरंच हाय ते. कधीच नसे."

"म्या आधी कधी मांडलाच नाई. फाटक वाजाचं, तुमचा आवाज यायचा, मंगच मी तांदूळ धुवाची. आधी मांडला आन खदानीतून तुम्ही आलेच नाई, तं दोघांचा भात घेऊन मी कोणापाशी बसू?"

मागून मला भाऊंचे नुसते कान दिसत होते, आणि ते लाल झाले होते. गाडीचा आवाज हळू होत गेला. मी पुढे वाकून बघितलं. काटा पंचवीसवरून वीसवर आला होता, वीसवरून पंधरावर. मागून ट्रॅक्टरवाला कर्कश हॉर्न मारू लागला.

बाईंनी पदराने डोळे पुसले, नाक पुसलं.

"आता इतकं बी हळू नका चालवू," त्या म्हणाल्या. "यात्रा उठून जाईन."